गड उजवीकडे कसा आला?

डिसेंबर-जानेवारीची थंडी पडली की आमच्या बेळगावकडच्या सीमाभागात साहित्य संमेलनांचा हंगाम सुरू होतो. कडोली, येळ्ळूर, उचगाव, सांबरा, तिकडे निपाणीच्या अंगाला कारदगा, अशा गावागावांतून मांडव पडतात, सकाळी ग्रंथदिंडी निघते, शाळेतल्या मुली नऊवारी सावरत लेझीम खेळतात आणि भाषणे लांबत लांबत जेवणाच्या वेळेला टेकली की घाईघाईने स्मरणिकेचे प्रकाशन उरकले जाते. गेल्या हिवाळ्यात अशाच एका संमेलनाला मी श्रोत्यांत बसले होते. गावाचे नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण जे घडले ते आमच्याकडच्या कुठल्याही गावात घडू शकले असते, आणि घडतेही. स्मरणिकेच्या गुळगुळीत मुखपृष्ठावर रोप लावणीचे छायाचित्र होते. चिखलात वाकलेल्या बायका, नवऱ्यांचे जुने पूर्ण बाह्यांचे शर्ट साडीवरून चढवलेल्या, पाठीवर प्लास्टिकच्या खोळी. त्यांतली एकच कंबरेवर हात ठेवून उभी राहिलेली आणि थेट आपल्याकडे पाहणारी, तिच्या नाकातली चमकीसुद्धा पावसाळी उजेडात नेमकी टिपलेली. आणि मागे धुक्यातून अर्धवट वर आलेला राजहंसगड. माझ्या शेजारच्या वयस्कर गृहस्थांनी स्मरणिका दूर धरली, जवळ आणली, चष्मा कपाळावर सरकवला आणि विचारले, "बाई, ही जागा आमच्या खालच्या शिवारातली हाय. पण गड उजवीकडं कसा काय आला ओ?"

गड जागचा हलला नव्हता. छायाचित्र उलटे छापले होते.

हे आम्हांला मागच्या खुर्चीवरून सांगितले ते माझ्याच एका जुन्या विद्यार्थ्याने. संगणकावर चित्राची डावी बाजू उजवीकडे फिरवता येते, तशी ती फिरवली होती, कारण संमेलनाचे नाव लिहायला डावीकडचे आभाळ मोकळे हवे होते. हा मुलगा उद्यमबागेतल्या एका कारखान्यात लेथवर काम करतो आणि पावसाळ्यातल्या रविवारी, कुणाकडून तरी जुना विकत घेतलेला कॅमेरा रेनकोटच्या आत पोटाशी धरून बांधाबांधाने हिंडतो. "फोटो मीच काढलेला आहे की, बाई," तो म्हणाला. आवाजात तक्रार नव्हती, उलट थोडे हसूच होते. "विचारलं असतं तर फुकट दिला असता. निदान सरळ तरी छापला असता त्यांनी." मग तो उठून पुस्तकांच्या टेबलाकडे गेला आणि घरच्यांना दाखवायला दोन जास्तीच्या प्रती पैसे देऊन घेऊन आला. मला टोचले ते हेच. ज्याचे चित्र न विचारता घेतले, तोच माणूस ते चित्र विकत घेत होता, आणि त्याच्या चेहऱ्यावर अभिमान कुठे संपतो आणि दुखावलेपण कुठे सुरू होते हे मला ओळखता येत नव्हते. बहुधा त्यालाही येत नसावे.

संयोजकांपैकी एकाला मी चहाच्या वेळी सहज विचारले. "गूगलवरनं घेतलाय, बाई. गूगलवर फुकटच असतंय की," हे उत्तर इतके निर्मळ होते की रागावण्यासारखे त्यात काही नव्हते. स्मरणिकेच्या दुसऱ्या पानावर तसे छापलेलेही होते : मुखपृष्ठ छायाचित्र सौजन्य, गूगल. त्याच पानावर अक्षरजुळणी करणाऱ्याचे नाव होते, छापखान्याचे होते, मुखपृष्ठाची मांडणी करणाऱ्याचे होते, आणि पुढे जाहिरात देणाऱ्या पतसंस्थांची व दुकानांची नावे तर फोटोंसह होती. आमच्याकडे नाव वगळले गेले म्हणून मांडवात रुसवे होतात, पाहुण्यांचा क्रम चुकला तर पुढच्या वर्षीची वर्गणी अडते. अशा गावात एका माणसाचे नाव राहिले आणि त्याच्या जागी एका शोधयंत्राचे छापले गेले, तरी कुणालाच काही खटकले नाही. गूगल ज्या चित्रांची रांग दाखवते, त्यांतले एखादे दाबले की त्याखाली बारीक अक्षरांत सूचना येते, की या चित्रावर कॉपीराइट असू शकतो. ती सूचना वाचणारा माणूस अजून मला भेटलेला नाही. शिवाय हे छायाचित्र गूगलपर्यंत गेले कसे, याचीही एक वाट असते. मुलाने ते फेसबुकवर टाकले, तिथून कुणीतरी उतरवून घेतले, मग ते व्हॉट्सअॅपच्या गटांतून फिरले. कॅमेरा चित्राच्या आत तारीख, यंत्राचे नाव आणि आपण भरले असेल तर आपले नावही लिहून ठेवतो. व्हॉट्सअॅपवरून चित्र पाठवले की यातली बहुतेक माहिती गळून पडते. डीटीपी करणाऱ्याच्या संगणकावर पोहोचेपर्यंत ते कुणाचेच उरलेले नव्हते. निदान तसे दिसत तरी होते.

कायद्याला ते तसे दिसत नाही. 1957 चा आपला कॉपीराइट कायदा म्हणतो की छायाचित्राचा कर्ता म्हणजे ते काढणारा माणूस, आणि बटण दाबले त्या क्षणी हक्क जन्माला येतो. कोपऱ्यात वर्तुळातला सी काढलेला नसला तरी चालते. नोंदणी करायची सोय आहे, सक्ती नाही. चित्र चांगले असले पाहिजे अशीही अट नाही, कलात्मक दर्जा असो वा नसो, असे कायद्याच्या व्याख्येतच स्पष्ट लिहिले आहे, त्यामुळे हललेल्या, आपले बोट आडवे आलेल्या फोटोंवरही आपलाच हक्क असतो. पूर्वी छायाचित्रांची मुदत चित्रकारांच्या चित्रांपेक्षा वेगळी, प्रसिद्धीपासून मोजली जात असे. 2012 च्या दुरुस्तीनंतर ती इतर चित्रांसारखीच झाली, म्हणजे काढणाऱ्याचे आयुष्य आणि त्यापुढे 60 वर्षे. जाणूनबुजून हक्कभंग केला तर सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि 50 हजार ते 2 लाख रुपये दंड, असे कागदावर आहे. आमच्याकडच्या स्मरणिकांमुळे कुणी तुरुंगात गेल्याचे मी ऐकलेले नाही आणि जावे असेही मला वाटत नाही. मला त्याच कायद्यातले दुसरे एक कलम अधिक जवळचे वाटते. त्यानुसार कर्त्याला आपण कर्ते असल्याचे सांगण्याचा आणि आपल्या कृतीची प्रतिष्ठेला बाध आणणारी मोडतोड रोखण्याचा हक्क असतो, आणि चित्र कुणाला विकून टाकले तरी हा हक्क विकला जात नाही. गड उजवीकडे नेला म्हणून प्रतिष्ठेला बाध येतो का, यावर वकील दोन्ही बाजूंनी बोलू शकतील. शेजारच्या काकांचा निकाल मात्र लागलेला होता.

घरी आल्यावर मी ते मुखपृष्ठ पुन्हा पाहिले, तेव्हा लक्ष गेले त्या उभ्या राहिलेल्या बाईकडे. चमकी तिच्या उजव्या नाकपुडीत दिसत होती, म्हणजे प्रत्यक्षात ती डावीकडे असणार. आमच्या भागात दोन्हीकडे टोचणाऱ्या बायका एकाच गल्लीत राहतात, त्यामुळे यावरून कुणालाच शंका आली नाही. पण मला प्रश्न पडला तो वेगळाच. मुलाला कुणी विचारले नाही हे खरे. मुलाने तिला विचारले होते का? नंतर भेटला तेव्हा मी हे त्याला बोलून दाखवले. तो ओशाळला, मग म्हणाला की ती त्याची लांबची मावशीच लागते, आणि फोटो काढताना ती म्हणाली होती, "काढ रे, पण असल्या शर्टातला कुणाला दाखवू नको." कॉपीराइटच्या हिशेबात चित्रातल्या माणसाला जवळजवळ काहीच मिळत नाही. हक्क असतो तो कॅमेऱ्याच्या मागे उभ्या असलेल्याचा. समोर उभ्या असलेल्याचा खाजगीपणा आणि मान हा कायद्याचा वेगळा प्रांत आहे आणि तिथल्या वाटा इतक्या सरळ नाहीत. मावशीचा शर्टातला फोटो अखेर काही शे घरांत गेला. तिने तो पाहिला का, पाहून काय म्हणाली, हे विचारायचे माझ्याच्याने झाले नाही.

समोरच्याला हक्क मिळतो असा एक प्रसंग मात्र कायद्यात आहे, आणि तो आमच्या पिढीच्या फार ओळखीचा आहे. पैसे देऊन, आपल्या सांगण्यावरून फोटो काढवून घेतला असेल आणि उलट काही ठरलेले नसेल, तर त्या फोटोच्या कॉपीराइटचा पहिला मालक पैसे देणारा असतो, काढणारा नव्हे. आमच्या लहानपणी खडेबाजारातल्या एका स्टुडिओत वडील आम्हांला घेऊन जात. अरुंद जिना, वर गेल्यावर फोटो धुण्याच्या हायपोचा आंबूस वास, भिंतीवर लटकणारा आरसा, त्याच्यापाशी दोरीने बांधलेला कंगवा आणि पावडरचा डबा, आणि मागे रंगवलेला तो पडदा, ज्यात संगमरवरी पायऱ्या, कारंजे आणि बेळगावात कधीच न पाहिलेली झाडे होती. धाकट्या भावाला स्टुलावर चढवायचे, मला मान किंचित वळवायला सांगायचे, आणि कापडात डोके घातलेला तो माणूस आतून म्हणायचा, "हालू नका." आठवड्याने मिळणाऱ्या फोटोच्या पाठीवर जांभळा शिक्का असे आणि त्यात शाईने निगेटिव्हचा नंबर लिहिलेला असे, पुढेमागे प्रत हवी असेल तर नंबर सांगावा, असा मजकूर. त्या शिक्क्यामुळे आम्हां सगळ्यांची ठाम समजूत होती की फोटो आमचा आणि निगेटिव्ह स्टुडिओची, म्हणजे मूळ मालक स्टुडिओच. ती अर्धी खरी होती. निगेटिव्ह ही वस्तू स्टुडिओच्या कपाटात राहू शकते, त्यावरचा हक्क मात्र ज्याने पैसे मोजले त्याचा. वस्तू एकाची आणि हक्क दुसऱ्याचा, ही गोष्ट शेतजमिनीचे मालक आणि कुळ यांचे वाद ऐकत वाढलेल्या माणसांना समजायला खरे तर जड जाऊ नये.

माझ्या आतेबहिणीचे लग्न शहापुरात झाले. तिचा नवरीच्या वेशातला फोटो त्याच स्टुडिओवाल्याने मोठा केला, हाताने रंगवला आणि खालच्या काचेच्या शोकेसमध्ये लावला. रंगवणाऱ्याने तिचा हिरवा शालू लाल करून टाकला होता आणि ओठही जरा जास्तच लाल. तिच्या सासऱ्यांना न विचारता, तिच्या वडिलांना न विचारता, तिला तर नाहीच नाही. कित्येक वर्षे तो तिथे होता. ती बाजाराला आली की त्या दुकानासमोरून जाताना तिची पावले मंद होत, आणि मी बरोबर असले तर ती उगाचच समोरच्या भांड्यांच्या दुकानाकडे पाहत चाले. आवडत होते तिला. नक्की आवडत होते. पण बऱ्याच वर्षांनी, नवरा गेल्यानंतर, तिने एकदा जाऊन तो उतरवायला सांगितला. स्टुडिओवाल्याने लगेच उतरवला, फ्रेमसकट तिला देऊ केला आणि वर म्हणाला की हा फोटो पाहून त्याच्याकडे कितीतरी लग्नांची कामे आली. तेव्हा ती मला म्हणाली होती, "विचारलं असतं तर आमच्या मामंजींनी हो म्हटलं असतं गं. दिवाणखान्यात मिरवलं असतं वर. पण विचारायला पाहिजे होतं." कारखान्यातल्या त्या मुलाने याच वाक्याचा पहिला भाग उच्चारला, तेव्हा मला ती आठवली. नाही म्हणण्याची इच्छा या दोघांपैकी कुणालाच नव्हती. हो म्हणण्याची संधी मात्र कुणी दिली नाही.

देवादिकांच्या चित्रांबद्दल आमच्याकडे वेगळीच श्रद्धा आहे. देवाच्या चित्राला कसला मालक, असे लोक अगदी मनापासून म्हणतात. राजा रविवर्म्याच्या लक्ष्मी-सरस्वतीबाबत ते खरेही आहे. तो 1906 साली वारला, त्याच्या चित्रांवरचे सगळे हक्क केव्हाच संपले आणि आज कुठल्याही मंडळाने ती फलकावर छापली तर कुणाला विचारावे लागत नाही. पण ज्यांची चित्रे आमच्या घराघरांत दिवाळी अंकांतून आणि कॅलेंडरांतून आली ते दीनानाथ दलाल 1971 साली गेले आणि रघुवीर मुळगावकर 1976 साली. मुदत मोजायची ती मृत्यूनंतरच्या जानेवारीपासून, म्हणजे दलालांच्या चित्रांवर 2031 च्या अखेरपर्यंत आणि मुळगावकरांच्या चित्रांवर 2036 च्या अखेरपर्यंत कुणाचा ना कुणाचा हक्क आहे. तो वारसांकडे असो की काम सांगणाऱ्या प्रकाशकाकडे. लक्ष्मी सर्वांची, मुळगावकरांच्या हातून उतरलेली लक्ष्मी तशी नाही. शाळेत असताना मी जुन्या कॅलेंडरांतली चित्रे कापून पुठ्ठ्यावर डकवत असे आणि वर्गात दाखवत असे. कायद्याने शिक्षकाला शिकवण्याच्या ओघात तेवढी मुभा दिलेली आहे. बातमी देणाऱ्याला, समीक्षा लिहिणाऱ्याला, स्वतःपुरता अभ्यास करणाऱ्यालाही आपापल्या कामापुरती आहे. संमेलनाची स्मरणिका, गणेशोत्सवाचा फलक किंवा पतसंस्थेचे कॅलेंडर यांना ती नाही, कार्य कितीही चांगले असो आणि अंक कितीही फुकट वाटलेला असो.

जुन्या छायाचित्रांचा गोंधळ याच्या नेमका उलटा. डिसेंबर 1924 मध्ये बेळगावच्या टिळकवाडीत काँग्रेसचे अधिवेशन भरले, गांधीजी अध्यक्ष असलेले ते एकमेव. त्याच्या शताब्दीच्या वेळी त्या अधिवेशनाची छायाचित्रे आमच्या सगळ्यांच्या मोबाइलवर येऊन आदळली, आणि त्यांतल्या बहुतेकांवर कुठल्या ना कुठल्या फेसबुक पानाचे नाव तिरके, पांढुरके उमटवलेले होते, कधी गांधीजींच्या धोतरावर, कधी मंडपाच्या कमानीवर. 1957 च्या आधीच्या जुन्या कायद्यात छायाचित्राची मुदत मूळ निगेटिव्ह तयार झाल्यापासून 50 वर्षे अशी होती. त्या हिशेबाने 1924 च्या काचेच्या निगेटिव्हवरचा हक्क 1974 च्या सुमाराला आटोपला. जुना फोटो नुसता स्कॅन करून त्यावर आपले नाव टाकल्याने तो आपला होत नाही. नवा हक्क मिळण्यासाठी नुसते कष्ट आणि खर्च पुरत नाहीत, थोडी तरी स्वतःची निर्मिती लागते, असे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2007 मध्ये निकालपत्रांच्या संपादित आवृत्त्यांबद्दलच्या एका खटल्यात सांगितले आहे. म्हणजे कारखान्यातल्या मुलाचे ताजे छायाचित्र बेवारस म्हणून फिरत होते आणि शंभर वर्षांपूर्वीचे, खरोखर सर्वांचे झालेले छायाचित्र कुणाच्या तरी शिक्क्याखाली फिरत होते. मला याचे हसू येते, पण फार वेळ टिकत नाही.

मग स्मरणिका काढणाऱ्या गावकऱ्यांनी करावे तरी काय, हा प्रश्न मला प्रामाणिकपणे पडला, कारण त्यांच्यापाशी पैसा नसतो आणि वेळ तर नसतोच. मुखपृष्ठ बहुधा आदल्या आठवड्यात ठरते. मोकळी चित्रे मिळतात. 2002 पासून क्रिएटिव्ह कॉमन्सचे, म्हणजे काढणाऱ्याने आधीच वापराची परवानगी देऊन ठेवण्याचे, तयार परवाने आहेत, 2004 पासून विकिमीडिया कॉमन्सचे भांडार आहे, शिवाय अनस्प्लॅश, पेक्सेल्स, पिक्साबे यांसारखी संकेतस्थळे आहेत. गूगलच्या शोधातही फक्त क्रिएटिव्ह कॉमन्सवालीच चित्रे दाखव असे सांगता येते. मोकळी म्हणजे बिनशर्त मात्र नव्हेत. बहुतेक परवान्यांत काढणाऱ्याचे नाव, परवान्याचे नाव आणि आपण काही बदल केला असेल तर तो बदल सांगावा लागतो; काही परवाने धंद्यासाठी वापरू देत नाहीत, काही बदल केलेले चित्र पुढे देऊ देत नाहीत, आणि त्या शेवटच्या प्रकारात गडाला डावीकडून उजवीकडे नेऊन छापता आले नसते. मी एका संध्याकाळी परदेशी संकेतस्थळांवर भातलावणी शोधत बसले. चित्रे भरपूर आली, स्वच्छ, सोनेरी उजेडातली, आणि जवळजवळ प्रत्येकीत टोकदार बांबूच्या टोप्या घातलेली पूर्वेकडच्या देशांतली माणसे. आमच्या शिवारातली, शर्ट चढवलेली, कंबरेवर हात ठेवणारी बाई तिथे नव्हती, कारण ती तिथे कुणी ठेवलेलीच नाही. आपल्या गावाचे चित्र मोकळे मिळावे असे वाटत असेल, तर ते गावातल्याच कुणीतरी काढून, आपल्या राजीखुशीने तिथे ठेवावे लागते. त्या मुलाला मी हे सुचवले. तो म्हणाला, "ठेवतो की. पण माझं नाव लिहायला लागेल ना त्यांना?" लागेल, मी म्हटले, परवान्यातच तशी अट आहे.

पुतळ्यांचे एक राहिले, कारण आमच्याकडे फलकांवर सर्वांत जास्त ते असतात. शिवाजी उद्यानातला असो, कित्तूरचा असो किंवा राजहंसगडावरचा, सार्वजनिक जागी कायमचा उभारलेल्या शिल्पाचा फोटो कुणीही काढावा आणि छापावा, कायद्याची हरकत नाही. इमारतींनाही तेच लागू आहे. भिंतीवर रंगवलेल्या चित्राला मात्र ही सवलत नाही, हे मला माहीत झाले तेव्हा आश्चर्यच वाटले. आणि पुतळा सर्वांचा म्हणून दुसऱ्याने ड्रोन उडवून काढलेला त्याचा फोटो सर्वांचा होत नाही. गड समोर आहे, मोबाइल खिशात आहे. तरी आम्ही दुसऱ्याचा फोटो उतरवून घेतो, यात आळसाशिवाय दुसरे कारण मला सापडत नाही. एरवी आमच्या आयुष्यातला प्रत्येक कागद कुठल्या राज्याचा, कुठल्या भाषेतला, यावर अडतो. हा कायदा केंद्राचा असल्यामुळे महाराष्ट्रातल्या चंदगडच्या आणि कर्नाटकातल्या खानापूरच्या छायाचित्रकाराला तो एकच, आणि हक्क लेखी दुसऱ्याकडे सोपवताना प्रदेश लिहिला नसेल तर तो अख्ख्या भारतापुरता आणि मुदत लिहिली नसेल तर पाच वर्षांपुरता धरला जातो. सीमाप्रश्न जिथे आडवा येत नाही अशी एवढी एकच बाब मला आढळली आहे.

मध्यंतरी खडेबाजारातल्या त्या स्टुडिओवाल्यांचा मुलगा भेटला. स्टुडिओ कधीच बंद पडला, वडील काही वर्षांपूर्वी गेले, आणि घरी निगेटिव्हच्या पेट्या आहेत. त्याला त्या स्कॅन करून जुन्या बेळगावचे एक प्रदर्शन भरवायचे आहे आणि जमले तर मोठ्या प्रती विकायच्याही आहेत. पेट्या उघडल्या तर व्हिनेगरसारखा वास आला आणि काही पट्ट्या एकमेकींना चिकटून बसलेल्या होत्या. वडिलांनी स्वतःच्या हौसेने काढलेली रस्त्यांची, सणांची, पावसाची छायाचित्रे त्याची आणि त्याच्या बहिणींची, याबद्दल शंका नव्हती. अडचण गिऱ्हाइकांच्या फोटोंची होती. "ते लोक कुठं शोधू, आत्या? निम्मे पुण्याला गेले, निम्मे वर गेले," तो म्हणाला. त्याच्यापाशी वडिलांच्या नोंदवह्या होत्या, नंबर, नाव, गल्ली आणि किती रुपये आगाऊ घेतले ते लिहिलेल्या. अनंतशयन गल्ली, रामदेव गल्ली, वडगाव, शहापूर. मी म्हटले, नोंदवही आहे म्हणजे निम्मे काम झाले, गल्लीत जाऊन विचारले तर कुणीतरी पत्ता सांगतोच. ज्यांचा लागणार नाही त्यांचे फोटो विकायला काढू नकोस. त्याला हे पटले असे त्याच्या चेहऱ्यावरून दिसले नाही. विकण्यासारखे म्हणजे नेमके तेच होते, हातात हात घट्ट धरून बसलेली नवी जोडपी, टोपी घातलेली घाबरलेली मुले.

"मग तुमच्यापासूनच सुरुवात करू," असे म्हणून त्याने 1972 च्या वहीत आमचे आडनाव शोधून काढले. मी तिथेच वहीच्या पानावर लिहून दिले की आमच्या कुटुंबाचा अमुक नंबरचा फोटो प्रदर्शनात लावायला माझी संमती आहे, विक्रीसाठी नाही, आणि खाली सही केली. विक्रीसाठी का नाही, असे त्याने विचारले. पैसे वडिलांनी दिले होते, मी सांगितले, त्यांच्यामागे हक्क माझ्या एकटीचा नाही, पुण्याच्या भावाचाही आहे, आणि त्याला मी अजून विचारलेले नाही. खरे तर प्रदर्शनासाठीसुद्धा त्याचा होकार आला की मगच लाव. रात्री भावाला फोन केला. सगळे नीट ऐकून घेऊन तो म्हणाला, "आधी मला तो फोटो पाठव. स्टुलावर बसवल्यावर मी डोळे मिटायचो. मिटलेले असतील तर प्रदर्शन नाही, विक्री नाही, काही नाही."